मल्लाप्पाची मूठ आणि तुंगाबाईंची बरणी

बेंगळूरच्या चामराजपेटेत आमच्या गल्लीत १९९२ सालच्या उन्हाळ्यात दुपारी साडेबारा वाजले की एक काळीकुट्ट कापडी पिशवी वासुअण्णांच्या कंपाउंडच्या फाटकाला टांगलेली दिसायची. नवख्या माणसाला वाटावं, कुणाची दृष्ट काढून टांगलीय. गल्लीतल्या गाईने एकदा ती हुंगून पाहिली, दोनदा शिंकली आणि पुन्हा त्या फाटकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाईला जे दोन शिंकांत कळलं, ते वासुअण्णांना कळायला पाच वर्षं लागली, आणि वासुअण्णा तर शास्त्रज्ञ!

शास्त्रज्ञ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, नाहीतर लोक चंद्रावर यान बिन पाठवणारा समजतील. वासुदेवराव हे वाळूचे शास्त्रज्ञ. जयनगरच्या पलीकडे ओतकामावर संशोधन करणारी एक संस्था होती, तिथे ते नोकरीला. फाउंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. ती वाळू कसली, तिच्यात माती किती, कोळशाची पूड किती आणि मुख्य म्हणजे पाणी किती, हे तपासायचं त्यांचं काम. वाळूत पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर तापलेल्या लोखंडाखाली त्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि थंड झालेल्या लोखंडाच्या पोटात बुडबुड्यांची भोकं राहतात. वरून वस्तू दिसायला गुळगुळीत, आत चाळणी.

"म्हणजे मोदकाच्या उकडीसारखंच की," त्यांची बायको मथुरा म्हणायची. "पाणी कमी, पारी फाटली. पाणी जास्त, हाताला चिकटली. ह्यासाठी सरकार पगार देतं होय तुम्हाला?"

"अगं, शंभर भागांत साडेतीन भाग पाणी. चार झालं की घोटाळा. तुझ्या उकडीत मोजतेस का तू?"

"मला मोजावं लागत नाही," मथुरा म्हणायची आणि विषय संपायचा. वासुअण्णांच्या घरात सगळे विषय असे बायकांच्या बाजूने संपायचे. ते स्वभावाने गरीब. इतके, की रिक्षावाल्याने "स्वल्प जास्ती द्या सार" म्हटलं तर "सरी", म्हणजे बरं, म्हणून वर त्याचीच क्षमा मागायचे. घरात राज्य त्यांच्या आईचं. तुंगाबाई सत्तरीच्या, सोवळ्यातल्या, आवाज असा की पलीकडच्या आळीतली मांजरंही शिस्तीत चालावीत.

वासुअण्णांचं संशोधन ज्या फाउंड्रीत चाले ती म्हैसूर रोडच्या आतल्या बाजूला होती. मोहनकुमार नावाचा तिशीतला मालक, पाण्याच्या पंपांची लोखंडी अंगं ओतायचा. आणि तिथेच मल्लाप्पा होता.

मल्लाप्पा निपाणीकडचा. साचे बांधणारा कारागीर. फाउंड्रीच्या भाषेत मोल्डर. घरी कन्नड, बाजारात मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. पहिल्याच दिवशी त्याने वासुअण्णांच्या मराठीला हसून घेतलं होतं.

"तुमचं मराठी लई जुनं हाय की ओ सायेब. आमच्या आजाचा आजा असंच बोलत असंल."

"आणि तुझं मराठी कुणाचं?"

"माझं? माझं वाळूचं." आणि त्याने ढिगातली मूठभर वाळू उचलली, घट्ट दाबली, बोटं उघडली. तळहातावर बोटांच्या ठशांसकट एक गोळा उभा. तो त्याने दोन हातांनी मधोमध मोडला, मोडलेली कड डोळ्यांजवळ नेली, मग तळहाताकडे पाहिलं. वाळूचा कण चिकटला होता का? नाही. "हिला अजून तांब्याभर पाणी लागतंय," तो म्हणाला.

वासुअण्णांनी त्याच ढिगातली वाळू बरणीत भरली, संस्थेत नेली, तोलली, भट्टीत सुकवली, पुन्हा तोलली. पाणी तीन पूर्णांक एक. हवं होतं साडेतीनच्या वर. ढिगाच्या मानाने हिशोब केला तर बरोबर तांब्याभर.

तिथून त्या शांत माणसाला वेड लागलं. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी मल्लाप्पाची मूठ चाळीस वेळा तपासली. एका वहीत डावीकडे मल्लाप्पा काय म्हणाला, उजवीकडे यंत्र काय म्हणालं. चाळीसपैकी सदतीस वेळा दोघांचं एकमत. उरलेल्या तीनपैकी एकदा यंत्राचा काटा अडकला होता. गल्लीत जो भेटेल त्याला वासुअण्णा ही वही दाखवायचे. "बघा, हा माणूस म्हणजे चालतीबोलती प्रयोगशाळा आहे." लोक म्हणायचे, "होय होय," आणि भाजी आणायला निघून जायचे.

ह्या वहीवरून त्यांनी एक लेखही लिहिला. संस्थेच्या मोठ्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी दोन पानं चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं. "वासुदेवराव, उद्या परदेशातून पाहुणे आले तर त्यांना काय दाखवू? मुठी?" खोलीतले दोघेतिघे हसले. वासुअण्णाही हसले. त्यांना असं वेळेवर हसायची फार वाईट सवय होती. लेख परत पिशवीत गेला आणि वही कपाटात.

आता बरणीकडे वळू.

वाळूचा नमुना नेताना त्यातलं पाणी उडू नये म्हणून तो हवाबंद बरणीत न्यायचा, हा नियम. फाउंड्र्यांना वाटायला संस्थेने जी सूचनापत्रिका छापली होती तिच्यात हा नियम पहिल्या क्रमांकावर होता, ठळक अक्षरांत. पत्रिका लिहिणारे कोण? वासुअण्णाच. त्यांच्याकडे जाड काचेच्या, झाकणाला रबरी चकती असलेल्या दोन बरण्या होत्या. एक बसमध्ये कुणाच्या तरी कोपराने गेली. दुसरी त्यांनी एका शनिवारी लख्ख धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला ठेवली. तेवढीच चूक झाली.

तुंगाबाईंनी झाकण उघडून पाहिलं, लावून पाहिलं, पुन्हा उघडताना जोर लावावा लागला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"वासू, ही बरणी कुठली रे? वाराही आत जायचा नाही हिच्यात."

"आई, ती ऑफिसची. वाळूची आहे."

"वाळू म्हणजे मृत्तिका. मृत्तिकेला विटाळ नसतो. मी चिंचेने धुवून घेते."

सोमवारी सकाळी बरणी शोधायला गेले तर ती गळ्यापर्यंत भरलेली. लिंबाचं लोणचं. तोंडाला पांढरं फडकं, वर झाकण, आणि झाकणावर तुंगाबाईंचा हुकूम: "चाळीस दिवस कुणी उघडायचं नाही. मुरू दे."

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आई, बरणी मला हवी. वासुअण्णा म्हणाले, "बरं." संस्थेकडे नवी मागितली, तर भांडारातल्या कारकुनाने अर्ज तीन प्रतींत आणायला सांगितला. ते कुठे तीन प्रतींत लिहिणार! मथुराने एक जुनी, धुवट कापडी पिशवी दिली. "थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे," वासुअण्णा म्हणाले. फाउंड्रीतून नमुना घ्यायचा, वाटेत घरी जेवायला उतरायचं, जेवण झाल्यावर अर्धा तास लवंडायचं, मग जयनगरची बस. पिशवी काळी आणि गळकी. मथुरा ती उंबऱ्याच्या आत घेईना. म्हणून ती फाटकाला, उन्हात. आत माणूस घोरतोय, बाहेर वाळूही निवांत वाळतेय.

त्याच महिन्यात मोहनकुमारला बाहेरदेशी पंप पाठवायची संधी आली होती. ते लोक कागदाशिवाय बोलत नसत. कुठल्या दिवशी वाळूत काय होतं, कोणी तपासलं, सही कुणाची. मोहनकुमार वासुअण्णांना म्हणाला, "सार, आता तुम्ही आकडा सांगाल तो शेवटचा. मल्लाप्पाची मूठ कागदावर चिकटवता येत नाही."

पहिला नमुना फाटकावरून संस्थेत पोचला. पाणी निघालं दोन पूर्णांक चार. फारच कमी! वासुअण्णांनी लिहून दिलं: वाळू कोरडी आहे, पाणी वाढवा.

मल्लाप्पाने कागद ऐकला, मूठ दाबली, मोडली. "सायेब, ही बरोबर हाय. हिला पाणी नगं."

"यंत्र कमी म्हणतंय, मल्लाप्पा."

"यंत्राला ताप आलाय मग."

पण मालकाचा हुकूम, पाणी वाढलं. वाळू हाताला चिकटायला लागली. मल्लाप्पा रोज तळहात उघडून दाखवायचा, काळाकुळकुळीत, आणि वासुअण्णा दुसऱ्या दिवशी बघतो म्हणायचे. पंधरा दिवसांत पंपांच्या अंगांना भोकं पडायला लागली. बाद झालेल्या मालाचा ढीग फाउंड्रीच्या दाराशी उभा राहिला. मोहनकुमार डोक्याला हात लावून बसला. पुन्हा नमुना, पुन्हा पिशवी, पुन्हा फाटक, पुन्हा डुलकी. यंत्र म्हणालं, तीन पूर्णांक सहा. अगदी जसं हवं तसं.

मग भोकं कशाने? वाळूत दोष नाही म्हणजे दोष साचे बांधणाऱ्याचा. वासुअण्णांनी अहवाल लिहिला: साचा प्रमाणाबाहेर ठोकला जात असावा, वाफ जायला तारेने भोकं पुरेशी पाडली जात नसावीत. इतकं लिहून ते थांबले असते तरी बरं होतं. मोठ्या साहेबांनी समासात प्रश्न लिहिला: वाळू ओली आहे असं मोल्डर सतत सांगत होता, त्याचं काय? त्याला उत्तर द्यायला हवं होतं. वासुअण्णांना कपाटातली वही आठवली. सदतीस. आणि त्या दिवशीचं हसूही आठवलं. त्यांनी पेन उघडलं आणि एक वाक्य लिहिलं: "मोल्डरचा हाताचा अंदाज भरवशाचा राहिलेला नाही."

अहवाल इंग्रजीत होता. मोहनकुमार म्हणाला, "सार, त्याला तुम्हीच समजावून सांगा. माझ्याशी तो भांडेल." तेव्हा वासुअण्णांनी ते वाक्य मराठीत करून मल्लाप्पाला वाचून दाखवलं. ते भांडणाच्या तयारीने गेले होते. दोन्ही भाषांतल्या शिव्या एकदम ऐकायला मिळतील असं त्यांना वाटलं होतं.

मल्लाप्पा भांडला नाही. त्याने तळहात पँटला पुसला, उलटा केला, सुलटा केला, बराच वेळ बघितला. "असंल," तो म्हणाला. शनिवारी हिशोब घेऊन गेला.

आणि गंमत अशी, की त्याच्या जागी आलेल्या माणसाच्या हाताखाली भोकं थांबली! सगळे म्हणाले, बघा, वासुदेवरावांचं निदान कसं अचूक. संस्थेने शाल दिली, बढती दिली. चौकटीतलं प्रमाणपत्र तुंगाबाईंनी देवाच्या फोटोंच्या रांगेत, पण बोटभर खाली लावलं. चाळीस दिवस पुरे झाले होते. त्या आनंदात बरणी उघडली आणि गल्लीत घरोघर वाटीवाटी लोणचं गेलं. खोटं कशाला बोला, तसं लोणचं पुन्हा झालं नाही. सगळ्या गल्लीने बोटं चाटली आणि वासुअण्णांना शाबासकी दिली.

पाच वर्षं गेली. १९९७च्या मार्चमध्ये संस्थेत बाहेरगावच्या फाउंड्र्यांच्या लोकांसाठी एक वर्ग होता. नमुना बरणीतच का न्यायचा, हे पटवून द्यायचं वासुअण्णांकडे आलं. नुसतं सांगून लोक ऐकत नाहीत, म्हणून त्यांनी प्रयोग मांडला. एकाच ढिगातली वाळू, अर्धी बरणीत, अर्धी कापडी पिशवीत. पिशवी दीड-दोन तास खिडकीबाहेर उन्हात. मग सगळ्यांसमोर दोन्ही तपासल्या. बरणीतली: तीन पूर्णांक सहा. त्यांनी फळ्यावर आकडा लिहिला. पिशवीतली: दोन पूर्णांक चार.

दुसरा आकडा लिहिताना खडू थांबला. समोर बसलेल्यांना वाटलं साहेब आकडा विसरले. विसरले नव्हते, तोच घोटाळा होता. दोन पूर्णांक चार त्यांनी पूर्वी एकदा लिहिले होते. उडालं ते एक पूर्णांक दोन. म्हणजे दुसऱ्या वेळचे ते अगदी जसे हवे तसे तीन पूर्णांक सहा, त्यात एक पूर्णांक दोन मिळवले की जवळजवळ पाच. पाचला वाळू हाताला चिकटते. चिकटणारच. काळाकुळकुळीत तळहात.

वर्ग कसाबसा आटपून ते म्हैसूर रोडला गेले. फाउंड्रीच्या जागी कल्याणमंटप, म्हणजे मंगल कार्यालय, झालं होतं. दाराशी जिथे बाद पंपांचा ढीग असायचा तिथे केळीचे खांब आणि वाजंत्री. मोहनकुमार रेशमी शर्टात होता, चांगलाच सुटला होता.

"या सार! किती वर्षांनी! मुलीचं ठरलं काय?"

"मला मुलगी नाही, मोहनकुमार. मी त्या अहवालाबद्दल आलोय. बावन्न, नाही, ब्याण्णव सालच्या." त्यांनी सगळं सांगितलं, नादस्वराच्या वरच्या पट्टीत.

मोहनकुमारने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो मल्लाप्पाच्या नंतर आला ना, तो फार आळशी होता सार. पाण्याची बादली उचलायचाच नाही. म्हणून भोकं थांबली म्हणा की." आणि खो खो हसला. "जाऊ द्या सार, आता काय त्याचं. जेवून जा, होळिगे आहे, तुमची पुरणपोळी." मल्लाप्पा कुठे असेल विचारल्यावर म्हणाला, बायकोचा भाऊ देवनहळ्ळीला मळ्यावर आहे, तिकडे गेला म्हणे.

देवनहळ्ळी काही लंडन नव्हे. सकाळी बसलं तर दुपारी जेवायला परत येता येतं. पण वासुअण्णांची ती बस सहा महिने सुटली नाही. आधी आंब्याचे दिवस होते, मग पाऊस होता, मग संस्थेत तपासणी होती. घरी एकच फरक पडला: त्यांनी लोणचं सोडलं. मथुराने पानाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड वाढली की ती अलगद ताटाबाहेर यायची. पाच-सहा महिने तुंगाबाईंनी पाहिलं. मग एका दुपारी पंखा खाली ठेवला.

"वासू, लोणच्याशी काय वैर तुझं? डॉक्टरने सांगितलंय, का माझ्या हाताला चव राहिली नाही?"

हात म्हटल्यावर वासुअण्णांनी घास परत ताटात ठेवला. आणि मग बरणी, पिशवी, फाटक, मल्लाप्पा, सगळं बाहेर आलं. मथुरा पळी हातात घेऊन उभीच राहिली. वासुअण्णा बोलताना आईकडे बघत नव्हते. तिच्या बरणीपायी झालं हे तिला कळू नये म्हणून तर इतके महिने तोंड शिवून बसले होते, असं त्यांचं स्वतःशी म्हणणं होतं.

तुंगाबाईंनी ऐकलं. आवाज चढला नाही, ह्याचीच घरात भीती वाटली.

"बरणी मागितली का नाहीस?"

"तू म्हणालीस, चाळीस दिवस उघडायची नाही."

"मी हजार गोष्टी म्हणते रे. बाहेर अडलंय, म्हणाला असतास, तर तेव्हाच्या तेव्हा पातेल्यात काढून दिलं असतं. लोणचं नासलं असतं तर नासलं असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला घाबरलास, साहेबाला घाबरलास. ज्याला घाबरायचं काही कारण नव्हतं, त्याच्यावर लिहिलंस."

दुसऱ्या दिवशी बरणी रिकामी, धुतलेली, चिंच-रांगोळीने घासलेली, त्यांच्या चपलांशेजारी ठेवलेली होती.

रविवारी वासुअण्णा देवनहळ्ळीला उतरले. पिशवीत बरणी, बरणीत संस्थेतल्या ढिगातली वाळू, आदल्या संध्याकाळी तपासून घेतलेली. किल्ल्याच्या दरवाजाशी आठवडी बाजाराच्या गर्दीत गोणपाटावर पपनसांचे ढीग लागले होते. तिकडची पपनसं नावाजलेली. लोक बेंगळूरहून येऊन नेतात. एका ढिगामागे मल्लाप्पा बसला होता. केस पिकलेले, बाकी तोच. समोर एक बाई दोन पपनसं हातात घेऊन उभी होती.

"गोड निवडून द्या की अण्णा."

"तुमीच बघा अक्का."

"तुमी विकता आणि तुमाला कळत नाही होय?"

"माझ्या हाताचं काही खरं नाही," मल्लाप्पा म्हणाला. सहज म्हणाला, जसं कुणी सुट्टे नाहीत म्हणावं.

वासुअण्णा मागे उभे होते. तिथूनच परत फिरले असते; पण मल्लाप्पाच्या बायकोने, गंगव्वाने, त्यांना पाहिलं.

"बघा ओ, कोण आलंय. ते वाळूचे सायेब." आणि वासुअण्णांकडे वळून, "पाच वरसं लागली व्हय बस यायला?"

मल्लाप्पाने मात्र गोणपाट झटकून जागा केली. घरची चौकशी केली, आईची तब्येत विचारली. वासुअण्णांनी बरणी बाहेर काढली.

"मल्लाप्पा, एकदा बघ ही."

"नगं सायेब."

"एकदाच."

"कशाला ओ. सुटलं ते."

"लाव की हात!" गंगव्वा ओरडली. "हात लावला तर काय जळतंय काय?"

मल्लाप्पाने झाकण उघडलं. जोर लावावा लागला. मूठभर वाळू घेतली. दाबली, बोटं उघडली. गोळा उभा राहिला. मोडला, कड डोळ्यांजवळ नेली. आता जरा लांब धरावी लागत होती. तळहात पाहिला.

"हिला पाणी नगं," तो हळूच म्हणाला. "बरोबर हाय ही." आणि लगेच, "असं मला वाटतंय. नसंल."

"बरोबर आहे. तीन पूर्णांक सहा." वासुअण्णा म्हणाले. "आणि तेव्हाही बरोबर होती. मी पाणी घालायला सांगितलं तेव्हा."

मल्लाप्पा बरणीत नाक घालून वास घेत होता. "सायेब, हिच्यात लोणचं होतं काय?"

"लिंबाचं."

आणि मग त्यांनी सांगितलं, काही न वगळता. चिंचेने धुतलेली बरणी, तीन प्रतींतला अर्ज, फाटकावरची पिशवी, जेवणानंतरची झोप. शाल मिळाली तेही. खिशातून पत्र काढून पुढे केलं. संस्थेच्या कागदावर, अहवाल चुकीचा होता असं लिहिलेलं, खाली सही. एक दोनदा गंगव्वाच्या तोंडाला पदर गेला, हसू दाबायला की काय ते कळलं नाही.

मल्लाप्पाने पत्राला हात लावला नाही. तळहाताकडे बघत होता, पूर्वीसारखाच, उलटा करून, सुलटा करून.

"दुसऱ्या कुणी म्हटलं असतं ना सायेब, तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. तुमी म्हटलात. चाळीसदा माझा हात लिहून घेतलेला माणूस तुमी. मी म्हटलं, हाच म्हणतोय म्हणजे गेलाच असणार हात."

"मला ठाऊक होतं, हात बरोबर आहे ते. वहीत होतं."

"मग?"

उत्तर गंगव्वाने दिलं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं. "दोन फाउंड्रीवाल्यांनी बोलावलं ओ ह्याला. घरापर्यंत आले. हा म्हणतो, माझ्यामुळं कुणाचा माल कशाला खराब करू? मी भांडले, तर मला म्हणतो, तुला काय कळतंय वाळूतलं."

"आता ये परत," वासुअण्णा घाईघाईने म्हणाले. "मी बोलतो. संस्थेत नवीन पोरांना शिकव. मी साहेबांना..."

"आता कुठं ओ सायेब." मल्लाप्पाने वाळू पुन्हा बरणीत सोडली, एक कणही सांडू दिला नाही, आणि झाकण फिरवून घट्ट केलं. "आता डोळ्याला कड दिसत नाही. आणि मशीनं आली म्हणे."

गंगव्वाने पत्र घेतलं, चौघडी करून कनवटीला लावलं. वाचता तिलाही येत नव्हतं.

परतीच्या बसची वेळ झाली. वासुअण्णा उठले, ढिगाकडे पाहिलं. "एक दे, मल्लाप्पा. आईला नेतो. तू निवडून दे."

मल्लाप्पाचा हात ढिगावर गेला. एक पपनस उचललं, तोललं. ठेवलं. दुसरं उचललं, हे जरा जास्त वेळ तळहातावर राहिलं, बोटं जरा मिटली. गंगव्वा टक लावून बघत होती. वासुअण्णाही. मल्लाप्पाने दोघांकडे पाहिलं आणि ते फळ अलगद जागेवर ठेवून दिलं.

"तुमीच बघा, सायेब," तो म्हणाला.

वासुअण्णांनी मग स्वतः निवडलं. सगळ्यांत मोठं, पिवळंधमक, देखणं. बसमध्ये एका मांडीवर बरणी, दुसऱ्या मांडीवर पपनस, अशी वरात संध्याकाळी गल्लीत शिरली तेव्हा ओट्यावरच्या एकानेही थट्टा केली नाही, त्यांचा चेहराच तसा होता.

मथुराने फळ सोललं. बोटभर जाड साल, आत कापसासारखं पांढरं, आणि फोडी अशा कोरड्या की जणू दोन दिवस फाटकावर टांगल्या होत्या. तुंगाबाईंनी एक फोड तोंडात घातली, चावली, तशीच परत काढून ताटात ठेवली.

"मल्लाप्पाने निवडून दिलं?"

"नाही. मीच निवडलं."

"दिसतंच आहे," तुंगाबाई म्हणाल्या.

वासुअण्णांनी ताट आपल्याकडे ओढलं, आणि एकेक फोड उचलून, रस असल्यासारखी, सगळं पपनस संपवलं.